डागाळलेली कुंडी टाकू नकोस

बाळा, गॅलरीतल्या कुंड्यांवर पांढरे डाग चढले, दोन कुंड्या तर आणल्या तेव्हापासूनच काळ्या चट्ट्यांच्या होत्या, म्हणून त्या सगळ्या देऊन टाकून प्लॅस्टिकच्या घ्यायच्या असं तू म्हणालीस. घ्यायच्या आधी माझं ऐकून घे. मातीच्या कुंडीच्या अंगावर जे उमटतं त्यातलं बरंचसं निरुपद्रवी असतं, काही फार उपयोगाचं असतं आणि थोडंसंच खरं दोषाचं असतं. हे तिन्ही वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे, म्हणजे कुंडी घेतानाही फसणार नाहीस आणि झाडाला पाणी घालतानाही चुकणार नाहीस.

आधी काळ्या चट्ट्यांचं सांगते. माझ्या माहेरी कुंभारआळी आमच्या परसाला लागूनच होती, त्यामुळे आवा लावताना आम्ही पोरं तिथेच असायचो. वाळलेल्या कच्च्या भांड्यांची उतरंड रचायची, मधल्या फटींत आणि भोवती गोवऱ्या, लाकडाचा भुसा, पाचट भरायचं, वरून पेंढा घालून माती आणि राखेनं लिंपायचं आणि पेटवायचं. अशा आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत आच जाते, पण ती सगळीकडे सारखी नसते. जिथे हवा खेळते तिथे मातीतलं लोह प्राणवायू घेतं आणि भांडं तांबडं होतं. जिथे गोवरी भांड्याला चिकटून जळते किंवा राख दाटून हवा अडते, तिथे धूर मातीत मुरतो आणि काळा चट्टा राहतो. संक्रांतीची काळी सुगडं किंवा काळे माठ करताना कुंभार हेच सबंध भांड्यावर मुद्दाम घडवून आणतो, हवा कोंडून आणि धूर मुरवून. तेव्हा तुझ्या कुंडीवरचा चट्टा ही आगीची खूण आहे. तो घासून जाणार नाही, आणि त्यानं झाडाचं काही बिघडणार नाही.

रंगातल्या फरकाचंही तेच. एकाच आव्यातून निघालेली एक कुंडी केशरी, दुसरी विटकरी, तिसरी फिकट असते. मातीत लोह किती, चुना किती, आच किती लागली, यावर ते ठरतं. चुना जास्त असलेली माती भाजल्यावर पिवळसर फिकी पडते. आतून हात फिरवलास तर चाकावर ओढलेल्या कुंडीला बोटांच्या गोल वळ्या लागतात, आणि बुडाला दोऱ्यानं कापल्याची शिंपल्यासारखी रेघ दिसते. साच्यातल्या कुंडीला या वळ्या नसतात, तिला सांध्याची उभी रेघ असते. दोन्ही चालतात. मला चाकावरची आवडते, कारण कुंभाराला घाई झाली तर ती त्या वळ्यांत लगेच दिसते. काठ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारखा पातळ असेल तर ती कुंडी उचलता-ठेवताना तिथेच फुटणार.

खरं सावध राहायचं ते सगळीकडून एकसारख्या लालभडक कुंडीपासून. रस्त्याकडेला गाड्यावर अशा ओळीनं मांडलेल्या असतात आणि नवीन माणूस त्याच उचलतो. त्यांतल्या पुष्कळांना वरून रंग दिलेला असतो. बोट ओलं करून घासून बघ. तांबडी माती बोटाला लागली तर तो गेरू आहे. गेरू म्हणजे लोहाची मातीच, ती कुंडीचा श्वास अडवत नाही. आपण दिवाळीला तुळशीवृंदावनाला देतो तोच. बोटाला काही लागलं नाही तर बाहेरच्या अंगावर पाण्याचा थेंब सोड. कोरी भाजलेली माती तो बघता बघता पिऊन टाकते. थेंब मण्यासारखा उभा राहिला की समजायचं, तैलरंग नाहीतर प्लॅस्टिकचा रंग मारलाय. अशी कुंडी घेऊ नकोस. मातीची कुंडी घ्यायची ती तिच्या अंगातून हवा-पाणी ये-जा करतं म्हणून, आणि रंगानं नेमकं तेच बंद होतं. शिवाय आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, रंगाखाली क्षार साठतात, रंगाला फोड येतात आणि वर्षभरात त्याचे पापुद्रे निघायला लागतात.

कुंडी घेताना मी काय करते ते सांगते. काठाला आतून दोन बोटांनी आधार देऊन ती उचलायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर भाजणं चांगलं आणि अंग सलग आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा कुंडी कच्ची आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते पारखलं, ही कथा तुला लहानपणी सांगितली आहे. ती परीक्षा कुंभाराच्या रोजच्या कामातलीच. मग आतल्या बाजूला नखानं ओरखडा काढायचा. भुकटी पडली तर आच कमी लागलीय, आणि अशी कुंडी दोन पावसाळ्यांत विरघळल्यासारखी होते. फुटलेल्या कुंडीची कड बघितलीस तर आत काळा थर दिसेल. तो थोडा असणारच, पोटापर्यंत हवा पोचली नाही एवढाच त्याचा अर्थ. पण कड काळी आणि वर भुकटीही पडते, असं असेल तर त्या आव्यातलं काहीच घेऊ नकोस. खूप कुंड्या घ्यायच्या असतील तर आधी एकच घरी ने आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेव. सकाळी पाणी गढूळ झालं किंवा बुडाला बोट रुतलं, तर बाकीच्या घ्यायच्या नाहीत.

अंगावर पांढरे खडे दिसतात का, हेही उन्हात धरून बघायचं. पांढरे डाग आणि पांढरे खडे यांत लोक नेहमी गल्लत करतात. देशावरच्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. कुंभारानं माती नीट चाळली-गाळली नाही तर ते कुंडीत राहतात. आव्यात आच ८०० अंशांच्या पुढे गेली की त्या खड्यांचा कळीचा चुना होतो. तो पुढे हवेतला दमटपणा आणि पाणी पिऊन फुगतो, आणि वरच्या मातीला बशीच्या आकाराचा टवका उडवून देतो. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला की हेच झालं असं समज. हे कधी आणल्यावर आठवडाभरात होतं, कधी पहिल्या पावसात. एखादा टवका गेला तर कुंडी काही मरत नाही, मातीनं भरून वापरायची. पण चार-पाच खडे दिसत असतील तर दुसरी घ्यावी. जाणता कुंभार आव्यातून काढलेलं भांडं लगेच पाण्यात बुडवतो, त्यानं हा चुना पटकन विझतो आणि त्याचा जोर मोडतो.

तूही नवी कुंडी आणल्यावर लगेच झाड लावू नकोस. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ती पाण्यात बुडवून ठेव, निदान अर्धा दिवस. कोरडी कुंडी तहानलेली असते. तिच्यात ओली माती भरलीस तर पहिलं पाणी तीच ओढून घेते आणि रोप सुकतं. लोक मग नर्सरीला दोष देत बसतात.

आता तुला ज्याची काळजी वाटते त्या पांढऱ्या डागांकडे येते. जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागायचा तोच हा. बोअरच्या, टँकरच्या पाण्यात चुन्याचे आणि इतर क्षार विरघळलेले असतात, खतातही असतात. पाणी कुंडीच्या अंगातून बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि क्षार बाहेरच्या अंगावर बसतात. म्हणजे पाणी बाहेर पडतंय, कुंडी आपलं काम करतेय, ही चांगलीच गोष्ट. प्लॅस्टिकच्या कुंडीत हेच क्षार आत मुळांपाशी साठतात, फक्त तुला ते दिसत नाहीत.

पण पांढरं कुठे आलंय ते बघायला शीक, कारण जागा बदलली की कारण बदलतं. काठावर आणि कोपऱ्यांवर हलकी पांढरी साय अगदी नव्या कुंडीलाही असते. ते मातीतले मूळचे क्षार असतात, काठावर वारा जास्त लागतो म्हणून तिथे उठून दिसतात. सबंध पोटावर सारखी साय आली तर पाणी जड आहे, एवढंच. पांढरा पट्टा फक्त बुडापाशी असेल तर कुंडी बशीतल्या साचलेल्या पाण्यात उभी आहे आणि मुळं भिजत आहेत. बशी रिकामी कर. आतल्या बाजूला मातीच्या पातळीशी जाड पिवळट पांढरं कडं तयार झालं असेल तर खत जास्त होतंय. या कड्याला टेकलेली कोवळी पानं आणि देठ करपतात. असं दिसलं तर महिनाभर खत बंद कर, आणि एक दिवस कुंडी मोरीत नेऊन खालच्या भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतकं पाणी घाल. थोड्या वेळानं पुन्हा घाल. मातीतले क्षार धुऊन निघतात. पावसाचं पाणी मिळालं तर सोन्याहून पिवळं. गॅलरीतल्या कुंड्या जून-जुलैत दोन-तीन सरींत बाहेर काढून ठेवत जा, वर्षभराचा क्षार निघून जाईल.

एकच गोष्ट खरी काळजीची. कुंडीच्या बाहेरच्या अंगाची माती भुकटी होऊन झडायला लागली, हात लावला की पोपडे निघायला लागले, तर क्षार भिंतीच्या आत खडे धरताहेत आणि तिला आतून फोडताहेत. मग झाड काढून कुंडी गोड्या पाण्यात बुडवून ठेव, दोन-तीन दिवस रोज पाणी बदलत, आणि सावलीत सुकव. सबंध उन्हाळा फक्त बोअरचं पाणी मिळालेल्या कुंड्यांना हे होतं.

सांगलीच्या मावशीच्या आणि सावंतवाडीच्या काकूच्या कुंड्या कधी शेजारी ठेवून बघ. एकीच्या पांढऱ्या, दुसरीच्या हिरव्यागार. तळकोकणात आणि गोव्यात जांभ्यातून आलेल्या पाण्यात चुना फार कमी, पाऊस अफाट, म्हणून तिथे लोण्याऐवजी शेवाळ धरतं. शेवाळ कुंडीला खात नाही. मला तर ते डोळ्यांना गार वाटतं. फक्त ते सतत ओलं आणि गडद राहत असेल तर आतली माती वाळतच नाहीय असं समज, आणि जास्वंद किंवा गुलाब असेल तर कुंडी थोड्या उन्हात सरकव. पांढऱ्यात कापसासारखी लव दिसली तर ती बुरशी आहे, क्षार नाही. क्षार बोटाला खरखरीत लागतो, बुरशी पुसली की चिकट ओघळते. बुरशीला हवा आणि ऊन, एवढंच औषध.

डाग काढायचेच असतील तर कुंडी रिकामी असताना काढ, झाड आत असताना नाही. कोरड्या काथ्यानं आधी घास, बरंचसं तसंच जातं. राहिलं त्यावर व्हिनेगर एक भाग आणि पाणी चार भाग असं लाव, किंवा पिळून झालेल्या लिंबाच्या साली चोळ. फेस आला तर तो चुना, निघून जाईल. फेस आला नाही तर तो दुसरा क्षार आहे, तिथे आंबट काही कामाचं नाही, नुसतं पाण्यात भिजत ठेव. नंतर कुंडी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात धुवायची. साबण अजिबात लावू नकोस. माती जशी पाणी पिते तशी साबणही पिते, आणि मग तो तुझ्या झाडाच्या मुळांना मिळतो. पिण्याच्या माठाला साबण लावत नाहीत तो याचसाठी.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट. पाणी केव्हा घालायचं ते कुंडी स्वतः सांगते. आतली माती ओली असते तेव्हा कुंडीचं अंग गडद दिसतं, वाळत गेली की रंग वरून खाली फिका होत येतो. सकाळी चहा घेऊन गॅलरीत गेलीस की मातीकडे बघायच्या आधी कुंडीच्या पोटाकडे बघ. वरचा तिसरा हिस्सा फिका झाला तर बहुतेक झाडांना पाण्याची वेळ झाली. कोरफड, अडेनियम यांना सबंध कुंडी फिकी होऊ दे, आणि तरी एक-दोन दिवस थांब. फर्न आणि अळूच्या जातीला अर्धं अंगसुद्धा फिकं होऊ देऊ नकोस. खरं तर त्यांना अशी कुंडी मानवतच नाही, त्यांना चकाकी दिलेल्या कुंडीत लाव. रंगावरून कळलं नाही तर लाकडी डावानं कुंडीवर हलकं ठोक. आत कोरडं असेल तर आवाज पोकळ येतो, ओलं असेल तर मंद.

कधी कधी एक बाजू गडद आणि दुसरी सारखी फिकीच राहते. म्हणजे माती एका बाजूनं आकसून कुंडीपासून सुटली आहे आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातंय. काळ्या मातीत हे हमखास होतं, नुसत्या कोकोपीटमध्ये तर फारच. वरून कितीही पाणी ओतलंस तरी मधला गोळा कोरडाच राहणार. सबंध कुंडी बादलीत काठापर्यंत बसव, बुडबुडे थांबेपर्यंत तशीच ठेव, मग फटीत पोयटा आणि शेणखत बोटानं दाबून भर. पुढच्या वेळी माती बदलताना तिच्यात थोडा वीटचुरा घाल.

एप्रिल-मेमध्ये मातीच्या कुंडीला रोज पाणी लागतं, भर उन्हाच्या गच्चीवर तर दोन्ही वेळा. याचा कंटाळा येतो म्हणून लोक प्लॅस्टिककडे वळतात. पण पाणी उडून जाताना माठ जसा गार होतो तशीच कुंडीही होते, आणि मोगऱ्याची मुळं दुपारी शिजत नाहीत. बाहेरगावी जायचं असेल तर कुंडी तिच्याहून मोठ्या कुंडीत बसव, मधल्या जागेत वाळू भर आणि वाळू ओली करून जा. मोठ्या कुंडीला तळाशी भोक पाहिजेच.

भोकावर खापरीचा एकच तुकडा, पालथा. दगड-विटांचा जाड थर घालायची चाल आपल्याकडे फार आहे, पण त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी मातीच्या तळाशीच अडून राहतं आणि मुळांना जागा मात्र कमी पडते. खापरी माती वाहून जाऊ नये म्हणून घालायची. कुंडी दोन विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेव, बुडाखाली हवा जाऊ दे. मातीची बशी नुसत्या फरशीवर ठेवू नकोस. ती झिरपते आणि तुझ्या पांढऱ्या फरशीवर पडलेलं गोल कडं पुढे कधीच जात नाही. बशीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून तिला आतून घासायचं, नुसतं ओतून चालत नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती भिंतीला चिकटून राहतात.

आणि वजनाचा विचार कर. मातीनं भरलेली, पाणी प्यायलेली बारा इंची कुंडी पंचवीस किलोंच्या घरात जाते. गॅलरीच्या कठड्यावर अशी ठेवायची नाही. भिंतीच्या बाजूला, तुळईजवळ ठेव.

पोटातून फुगलेल्या आणि तोंडाशी अरुंद असलेल्या कुंड्या दिसायला सुरेख असतात, पण वर्षभरानं झाड बदलायला गेलीस की मुळांचा गोळा निघत नाही. मग कुंडी फोडावी लागते किंवा मुळं कापावी लागतात. त्यांत हंगामी झाडं लाव. वर रुंद, खाली निमुळती अशी साधी कुंडी जन्मभर पुरते. झाड काढायच्या आदल्या दिवशी पाणी घाल, कुंडीच्या कडेनं जुनी सुरी फिरव आणि मग उलटी कर. मुळं मातीच्या भिंतीला धरून बसतात, त्यांना ओढू नकोस.

उभी चीर गेलेली कुंडी टाकायची नाही. काठाखाली आणि पोटावर जस्त चढवलेली लोखंडी तार दोन वेढे घालून पक्कडीनं पिळायची, ती वर्षानुवर्षं टिकते. माझ्याकडच्या कढीपत्त्याची कुंडी तशीच आहे. फुटलीच तर मोठे तुकडे भोकांसाठी ठेव, बारीक कुटून निवडुंगाच्या मातीत घाल.

चकाकी दिलेल्या कुंड्या, म्हणजे खुर्ज्याहून येतात तसल्या, त्यांच्यावर बारीक जाळी दिसते तिचंही तू विचारलं होतंस. भट्टीतून निघून गार होताना वरची काच आणि खालची माती सारख्या प्रमाणात आकसत नाहीत, म्हणून काचेला केसांसारख्या रेघा पडतात. काही वेळा भट्टीतून काढल्यावर कित्येक महिन्यांनी पडतात, मग तू आपटलीस असं कुणी म्हटलं तरी मनावर घेऊ नकोस. सुईच्या टोकाएवढी भोकं असतात ती भाजताना मातीतून निघालेल्या वाफेची आणि हवेची. झाडाला यातलं काही बाधत नाही. मात्र अशी जाळी पडलेली वाटी-बशी खायला-प्यायला वापरू नकोस, रेघांत अन्न शिरतं आणि ते धुऊन निघत नाही.

कुंड्या घ्यायला उन्हाळ्यात जा, अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. कोरड्या हवेत घडवलेला आणि भाजलेला माल तेव्हा कुंभाराकडे भरपूर असतो. पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत आणि आवाही नीट पेटत नाही. तुला मुंढव्याचं केशवनगर जवळ आहे, तिथे कुंभारांची मोठी वस्ती आहे. मुंबईला गेलीस तर धारावीचा कुंभारवाडा, गोव्यात डिचोली. दुकानातून नको, थेट त्यांच्या दारातून घे. चट्टा आहे म्हणून किंमत पाडून मागू नकोस. चार कुंड्या वाजवून बघितल्यास तर त्यांना राग येत नाही, उलट कळतं की समोरच्याला कळतंय.

आणि दादाला टोरांटोत फोन करशील तेव्हा त्याला हे सांग. त्यानं बाहेर ठेवलेल्या मातीच्या कुंड्या तिकडच्या थंडीत फुटतात. अंगात मुरलेलं पाणी गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि कुंडीला आतून चिरतं. ऑक्टोबर संपायच्या आत माती काढून, कुंड्या पूर्ण वाळवून, गॅरेजमध्ये पालथ्या रचून ठेवायला सांग. झाडासकट घरात न्यायच्या असतील तर तेही चालेल, फक्त हीटरच्या तोंडाशी ठेवायच्या नाहीत, कारण तिथे त्या एप्रिलातल्या पुण्यासारख्या रोज पाणी मागतील.